केरू भावजींना कोणी विचारायचं नाय

...तर ते 'शिस्तप्रिय' आधी खोड, सानिका. मी बोललेच नाय ते, तू तुझ्या मनानं घातलंस. स्मरणिकेत सगळ्यांचं तसंच छापतात, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, हसतमुख. केरू भावजी आणि हसतमुख? वाडीतली कुत्री हसतील. कबड्डी मंडळाला पन्नास वर्षं झाली, मॅनेजरबद्दल दोन पानं घरच्या माणसानं सांगावी असं मंडळाचा सागर येऊन बोलला. भावजींची बायको गोदा असती तर तिनं सांगितलं असतं. ती जाऊन सात वर्षं झाली, मुली सासरी, मग वहिनी म्हणून मीच उरले. सांगते ते लिही, आणि मला वाचता येत नाय म्हणून मधलं गाळू नको. शेजारच्या मृणालीकडून वाचून घेणार हाय मी.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा केरू भावजी दहा वर्षांचे होते. शाळेतून आले की दप्तर खळ्यात, म्हंजे अंगणात टाकायचं आणि सरळ कातळावर हुतूतू खेळायला. गुडघे कायम फुटलेले. हळद लावायला मीच. एकदा तरी 'दुखतंय' बोलले असतील? नाय. तोंडातून शब्द काढायचा म्हंजे त्यांना विहिरीतून कळशी ओढल्यासारखं वाटतं, तेव्हापासून.

पुढं वीजमंडळात लाइनमन लागले. तुला आठवत नाय, पण पूर्वी वाऱ्यावादळात दोन-दोन दिवस लाइट जायची. भावजी खांबावर चढलेले आणि खाली अख्खी वाडी जमलेली. केरू, कधी येणार, केरू, माझं दळण खोळंबलंय, केरू, ह्यांचे फॅन चालू नि आमचे कसे बंद. ते वरून एका शब्दानं बोलायचे नाय. एकदा मी विचारलं, तर बोलले, "वैनी, तारेला हात लावलेल्या माणसानं खाली बघून उत्तरं द्यायची नसतात. लक्ष गेलं की माणूस गेला." पटलं मला. खरंच हाय ते. पण खांबावरून खाली उतरल्यावर पण तसंच गप्प राहायचं, हे कुठं शिकले कोण जाणे.

खेळायचे थांबले तसे मॅनेजर झाले. तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. मॅनेजर म्हंजे कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, बाहेरगावचा कोण आणायचा, सगळं तेच ठरवणार. चांगलं ते पण सांगते, नायतर बोलाल म्हातारी नुसती कुरकुरते. पहाटे पाचला पोरांना उठवून कातळावर पळवायचे. दारूचा वास आला तर त्या पोराला महिनाभर मैदानात पाय ठेवू द्यायचे नाय, मग तो कोणाचा का असेना. हेदवीच्या स्पर्धेला दीपकला घेतलं, तेव्हा दीपक म्हंजे नुसती शेवग्याची शेंग. लोक हसले. त्याच दीपकनं फायनल काढली. तेव्हापासून गावात झालं, केरू बोलला म्हंजे बोलला.

आणि दुसरं झालं ते कौलाचं. बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी लिही, आमच्या नवलाईला कौल लावतात. देवीच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. लावणार कोण, तर आप्पा गुरव, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाय. एकदा दोन पोरांची एका जागेवरून मारामारी झाली, तेव्हा भावजींनी आप्पाकडून कौल लावून घेतला. दोन्ही पोरं गप्प झाली, दोघांचे बाप पण गप्प झाले. भावजींना ते इतकं सोयीचं वाटलं की पुढं प्रत्येक मोठ्या स्पर्धेला तेच. याला का घेतला? कौल होता. त्याला का बसवला? कौल नव्हता. आता देवीला कोण विचारणार का म्हणून?

या वर्षी देवरूखला फायनल. दोन टेम्पो भरून गाव गेलं. मी पण गेले, पाठीला उशी लावून, कंबर मोडली तरी चालेल बोलले. कारण आमचा नितेश खेळणार. नितेश म्हंजे खालच्या आवाठातल्या, खालच्या वस्तीतल्या, तुळसाचा मुलगा, बावीस वर्षांचा. चढाईला गेला की पाठीमागं लाथ अशी टाकतो की समोरच्याला कळत नाय काय लागलं. तीन वर्षं त्यानंच संघ वर काढलान. भावजी संघ पोरांनाच सांगतात, गावाला मैदानातच कळतं; तर बघते तो नितेश नाय. त्याच्या जागी चिपळूणचा कोण तो विनीत आणलेला. दिसायला देखणा, केस कापलेले, बूट नवे. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा चढाईला गेला आणि कोपऱ्यातल्या पोरानं त्याचा घोटा धरला तो सोडलाच नाय. दोन गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी लोक बोलायला लागले. नळावर तेच, रिक्षास्टँडला तेच, मच्छी घ्यायला गेलं तर तेच. ती मच्छीवाली मला बोलते, "आजी, तुमच्या दिरांना बांगडा पण चिपळूणचाच लागत असेल." मोबाइलवरच्या मंडळाच्या ग्रुपात पोरं रोज लिहायची, काका, एकदा सांगा, नितेश का नाय. भावजींनी काय केलं? ग्रुपातून बाहेर पडले. झालं उत्तर.

मग देवळात सभा झाली. सागर उभा राहिला, नीट हात जोडून बोलला, "काका, तुम्ही आमच्यापेक्षा मोठे. पण आम्ही कामधंदा सोडून येतो, घसा फोडून ओरडतो. आम्हाला कळायला नको का?"

भावजी बसल्या जागेवरून बोलले, "कौल नव्हता. त्याला पण तेव्हाच सांगितलेलं."

"कधी लावला कौल?"

"संघ जाहीर केला त्या दिवशी. मंगळवारी."

मी बायकांत मागं बसलेले, मला मात्र ते खोटं हाय हे लगेच कळलं. कारण त्या मंगळवारी मी आप्पा गुरवाच्या घरी होते. त्याची सून बाळंत झालेली, आदल्या शुक्रवारी, आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला मीच जात होते. मंगळवारी पाचवीची पूजा होती, सबंध दिवस मी तिथंच. आणि आपल्यात पोर जन्मलं की त्या घराला सुयेर, दहा दिवस देवाला शिवायचं नाय. आप्पा ओटीवर बसून सुपाऱ्या कातरत होता. रोजची दिवाबत्ती वरच्या वाडीतले गुरव करत होते, म्हणून देऊळ उघडं दिसत होतं आणि कोणाच्या डोक्यात आलं नाय. पण कौल? दहा दिवसांत कौल लागलाच नाय. लागणारच नाय. भावजी तेव्हा सराव घेण्यात इतके बुडालेले की आप्पाच्या घरी सुयेर हाय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. खोटं बोलायला माणसाला गावाची खबर तरी पायजे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पाखाडीच्या पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेले. खळ्यात बसून आंबे उतरवायच्या काठीची जाळी विणत होते.

"भावजी, मंगळवारी कौल कोणी लावला?"

"आप्पानं."

"आप्पाला सुयेर होतं. मी तिथंच होते, त्याचा नातू माझ्या पायांवर होता."

हात थांबले. मग पुन्हा विणायला लागले. "वैनी, चहा टाकू?"

"चहा घरी पिऊन आले. तुम्ही सांगा, नितेशला का बसवलंत?"

जाळीची गाठ दातानं आवळली. मग बोलले, "तो कायम डावीकडेच जातो. तीन वर्षं सगळा जिल्हा बघतोय. देवरूखवाल्यांनी त्याच्यासाठी सापळा लावलेला होता. उजवीकडून जायला शिक, उजवीकडून जायला शिक, सहा महिने सांगितलं. ऐकतो कुठं."

"मग हे सांगायचं ना सभेत."

"कोणाला? लोकांना काय कळतं कबड्डीतलं? एकाला उत्तर दिलं की उद्या दहा येतील. मग संघ रिक्षास्टँडवरच निवडा." आणि मग ते नेहमीचं, "हेदवीला जिंकलो तेव्हा आलेले का विचारायला, दीपकला का घेतला म्हणून?"

हे त्यांचं खोटं नाय. जिंकल्यावर कोणी हिशोब विचारत नाय, सगळे ढोल घेऊन येतात. आणि प्रत्येकाला विचारून संघ निवडायला लागलो तर पोरं मैदानाऐवजी सभेतच म्हातारी होतील. निवडायचं त्यांनीच. चुकायचा पण त्यांना हक्क हाय, चुकत कोण नाय, मी साठ वर्षं चूल बघितली तरी अजून भाताचं खरपूड होतं. पण भात लागला तर मी ताटात वाढताना सांगते की बाबा लागलाय. अन्नपूर्णेनं लावला असं सांगत नाय.

मी तेच बोलले त्यांना. बोलले, "लोक चार दिवस ओरडले असते, पाचव्या दिवशी नितेशला उजवीकडून जायला शिकवायला स्वतः मैदानात आले असते. तुम्ही देवीला मधे का आणलंत?"

"सवयीनं आलं तोंडात," बोलले. एवढंच. माझ्याकडे बघितलं पण नाय.

सवयीनं. आणि तिकडे त्या पोराचं काय झालं ते ऐका. माझा जीव तळतळतो तो हरण्यासाठी नाय गो. हरलो तर पुढच्या वर्षी जिंकू. नितेशला त्यांनी संघ जाहीर करताना बाजूला घेऊन सांगितलं, देवीनं तुला उजवा दिला नाय. पोरगा एका शब्दानं भांडला नाय. मॅनेजरशी भांडता येतं, नवलाईशी कसं भांडणार? जर्सी काढलान, घडी घालून ओट्यावर ठेवलान आणि गेला. आठवड्यात नाट्याच्या बंदरावर मामाकडे गेला, आता मामाच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. तिथल्या पोरांनी खेळायला बोलावलं तर बोलतो, माझ्यावर देवीची मर्जी नाय, मी आलो तर तुम्ही पण हराल. तुळसा मला हे सांगताना रडत होती. तिनं नवलाईला नवस बोललाय, काय चुकलं असेल तर पदरात घे म्हणून. मंगळवार धरते, उपाशी राहते. कशासाठी, तर जो कौल कोणी लावलाच नाय त्याच्यासाठी. मला तेव्हा भावजींना धरून गदागदा हलवावंसं वाटलं, त्यांचं वय सत्तरचं असलं म्हणून काय.

आप्पाकडे गेले. तो बोलला, "आनंदीबाई, जाऊ दे. देवीच्या नावानं खोटं सांगितलं असं गावात झालं तर पुढं कौलावर कोण विश्वास ठेवील?" मी बोलले, "आणि खोट्या कौलावर ठेवतायत तो चालतो?" तर हा नातवाला खेळवत आत गेला.

मी भावजींना महिनाभर दिला. बोलले, नाट्याला जा, त्याला एकदा तोंडानं सांगा. गावाला नका सांगू, त्याला सांगा. "बघतो," बोलले. मग परत सभा झाली, सागरनं परत विचारलं, तर बोलले, "झालं ते उगाळू नका, पुढच्या स्पर्धेचं बोला." मी त्या दिवशी मागं बसलेले, उठून बोलायला पायजे होतं. बायका देवळातल्या सभेत बोलत नाय, म्हणून मी पण गप्प बसले. तो दोष माझा, तो पण लिही.

तुळसाकडून मी नितेशला निरोप पाठवला. तो फोनवर आईला बोलला, "आनंदी आजी माझं मन राखायला सांगते. केरू काका खोटं बोलणार नाय." बघ, अजून त्यांनाच मानतो. तीस वर्षं ज्या माणसानं गावाची पोरं पहाटे उठवली, त्याचा शब्द एवढा मोठा, आणि तो माणूस एक वाक्य बोलायला नाट्याला जात नाय. एसटीनं गेलं तर दुपारच्या जेवणाला परत.

काय? हे पण लिहू विचारतेस? लिही. भावजी रागावतील, रागावू दे. माझ्याकडे जेवायला येणार नाय, नको येऊ दे, डबा पाठवीन. सागरनं छापलं नाय तर मी सभेत मृणालीला वाचायला लावीन, यावेळी पुढं बसून. मॅनेजरनं गावाला उत्तर द्यायला पायजे की नको, ते गावानं ठरवावं. त्या एका पोराला मात्र द्यायलाच पायजे, आणि ते देत नाय म्हणून मी देते.

तर वाचणाऱ्यांनो, तुमच्यातला जो कोण नाट्याला जाईल, मच्छीला जा, पाहुण्यांकडे जा, बंदरावर नितेशला गाठा. माझं एकटीचं तो ऐकत नाय, दहा जणांनी सांगितलं तर ऐकेल. त्याला सांगा, मंगळवारी आप्पाच्या घरी सुयेर होतं, कौल लागलाच नाय. केरू काकाला तुझी डावी बाजू नको होती, उजवी शिक आणि परत ये. देवीनं तुला नाय म्हटलेलं नाय. तिला कोणी विचारलंच नव्हतं.