मोटरला चार भोकं

उभेराव हे त्याचं खरं नाव नव्हे. ते धक्क्यावरच्या लोकांनी ठेवलं होतं आणि ठेवताना फार डोकं चालवलं होतं असंही नाही. माणूस सदा उभा असायचा, एवढंच. जेवताना ताट हातात घेऊन खिडकीशी, न्हाव्याकडे पाळी येईपर्यंत दारात, आणि तळ्यात बोट चालवताना मागच्या टोकाला, मोटरचं हँडल धरून, मान उंच करून. इतर बोटवाले बसून बोट चालवतात. हा बसला की याच्या गुडघ्यांना काहीतरी काम आठवायचं.

बोटीत उभं राहायला मात्र त्याच्याकडे कारण होतं. त्याच्या बोटीला नाक वर करायची खोड होती. धक्का सोडून वेग वाढवला की मागची बाजू पाण्यात बसायची आणि पुढचं टोक आभाळ बघू लागायचं. पुरता वेग आला की ती आपोआप आडवी व्हायची, पण तोवर समोर पाणी नाही, पलीकडचा काठ नाही, नुसतं बोटीचं नाक. "तुमच्या थोरल्या बहिणीला समोर बसवून घडवलेली दिसते," असं त्याची बायको म्हणायची.

एका सकाळी माणसं पलीकडच्या काठाला नेताना असाच तो टाचा उंचावून बघत होता. नाक खाली आलं तेव्हा बोटीच्या अगदी बाजूनं, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून, एक लाल टोपी मागे गेली. टोपीखाली माणूस होता. बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर, रोज तळ्यात पोहणारा.

संध्याकाळी कॅशियर धक्क्यावर भेटला आणि म्हणाला, "काय झकास लाट दिलीत हो सकाळी! मजा आली."

उभेरावानं "हो, हो" म्हटलं आणि त्या रात्री जेवणाचं ताट खिडकीशी तसंच ठेवून दिलं. ज्याचा जीव जायचा त्याला काही कळलं नव्हतं. बोटीतल्यांनाही काही दिसलं नसावं, कारण कुणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे हे ठाऊक असलेला माणूस जगात एकटा उभेराव, आणि एवढी मोठी गोष्ट एकट्यानं बाळगावी इतका काही तो धीराचा नव्हता.

त्यानंतर त्याचा जीव कुठेच लागेना. त्यानं बोटीत दुसरा नांगर आणून ठेवला. मग जाड दोराचं वेटोळं. मग भोंगा, मग औषधांची पेटी, मग पेट्रोल पंपावर असते तशी वाळूची लोखंडी बादली, जिचा पोहणाऱ्याला काय उपयोग हे त्यालाही सांगता आलं नसतं. वेळ आली तर सगळं हाताशी हवं, म्हणून सगळं आपल्या पायांशी, मागे. आणि सरतेशेवटी त्यानं स्टॅबिलायझर मागवला.

वस्तू साधी होती. काळ्या प्लॅस्टिकचा, दोन्ही बाजूंना पसरलेला पंख. मोटरचा पंखा पाण्यात फिरतो, त्याच्या जरा वर एक आडवी पट्टी असते, तिला हा नटबोल्टनं आवळायचा. बोट निघाली की पाणी त्या पंखाला खालून उचलून धरतं, मागची बाजू उचलली जाते आणि नाक खाली येतं. फक्त बोल्टसाठी त्या पट्टीला चार भोकं पाडावी लागतात. आणि मोटर निम्मीच उभेरावाची होती. उरलेली निम्मी त्याच्या साडूची.

साडू इलेक्ट्रिशियन. त्यानं खोका उलटसुलट करून पाहिला.

"स्टॅबिलायझर? हा फ्रिजला लावतात. तळ्यात व्होल्टेज कमीजास्त होतंय का?"

"बोट स्थिर राहते यानं."

"बोट स्थिरच आहे हो साडूबुवा. हलता तुम्ही."

"मग यांनाच लावा तो," आतून बायको म्हणाली. "भोकं मी पाडते."

साडू हसला, पण भोकांचं नाव निघाल्यावर हसायचा थांबला. "घेतल्यापासून या मोटरला मी ओरखडा येऊ दिलेला नाही. भोकापासून तडा गेला म्हणजे?"

"चार बारकी भोकं आहेत."

"तुमच्या निम्म्यात पाडा. माझ्या निम्म्यात नको."

"मोटरचं निम्मं कुठे असतं?"

"तेच म्हणतोय मी!"

उभेरावानं धक्क्यावर विचारून पाहिलं. एक म्हणाला, पंख लावलास की जन्माचं भलं होईल. दुसरा म्हणाला, बोट वळताना रडेल. तिसऱ्याच्या मावसभावानं लावला होता आणि तेव्हापासून मावसभाऊ बोलत नव्हता, पण त्याचं कारण वेगळं निघालं. मोटर दुरुस्त करणाऱ्यानं "लाव की" असं सांगितलं आणि थोड्या वेळानं "नाही लावलास तरी चालेल" असंही. उभेराव धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिला. रोज सकाळी बोट सुटायची, रोज नाक वर जायचं, आणि ते खाली येईपर्यंत तो टाचा उंचावून लाल टोपी शोधत असायचा.

शेवटी सुट्टीच्या दिवशी त्यानं ड्रिल मशीन पिशवीत घातलं आणि धक्का गाठला. मागोमाग साडू आला. थांबवायलाच आला होता, पण पिशवीत डोकावून म्हणाला, "हे भिंतीचं ड्रिल आहे. यानं मोटर फोडाल. थांबा, माझं आणतो."

मोटर उचलून धरायची तर मागची जागा मोकळी करायला हवी. उभेराव एकेक वस्तू काढून धक्क्यावर ठेवू लागला. बॅटरी, तेलाचे कॅन, हत्यारांची पेटी, नांगर, दुसरा नांगर, दोर, बादली. साडू ड्रिल घेऊन परत आला तो ढिगापाशीच थबकला.

"बोट आहे की संसार?"

"लागतं सगळं."

"ते लागत असेल. पण इकडे बघा जरा."

बोटीच्या मागच्या अंगावर पाण्यानं हिरवी रेघ ओढलेली होती. ती आता पाण्याच्या चांगली वर आली होती.

"साडूबुवा, ही नाक वर करत नव्हती. तुम्ही हिच्या शेपटावर बसला होतात."

"मी कधी बसतो?"

दोघांनी तो सगळा पसारा पुढच्या टोकाला नेऊन बांधला आणि रिकामी बोट तळ्यात पळवून पाहिली. नाक जरासं उठलं आणि लगेच खाली आलं. समोरचं पाणी सबंध दिसत होतं. उभेरावाचा हात सवयीनं पायाशी दोर चाचपत होता आणि दोर तिथे नव्हता, तेवढंच. साडूनं ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

"थांबा," उभेराव म्हणाला. "हे रिकाम्या बोटीचं झालं. माणसं सगळी मागे बसतात."

ते खरं होतं. पलीकडच्या काठावर हॉस्पिटल, सकाळच्या फेरीला सगळ्या नर्स, अंगावर पांढरे कपडे. पुढे पाणी उडतं, म्हणून सगळ्या मागे दाटीवाटीनं. आणि सर्वांत मागच्या बाकावर मेट्रनबाई. देहानं भारदस्त आणि अधिकारानं त्याहून. त्या वॉर्डात आल्या की डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढत.

"मग सांगा पुढे बसायला."

"कुणाला?"

"मेट्रनबाईंना."

उभेरावानं ड्रिलकडे पाहिलं. "चार भोकंच पाडू या."

साडूनं अर्धी गुंडाळलेली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "पाडू. मी स्वतः पाडतो. पण उद्या सकाळी एकदा विचारा. नाहीच म्हणाल्या तर संध्याकाळी भोकं."

सकाळी मेट्रनबाई आल्या, छत्री टेकत बोटीत उतरल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. बोटीनं मान वर केली. उभेराव धक्क्यावरच घुटमळत राहिला.

"निघायचं की मुहूर्त बघतोयस?"

"बाई, जरा... पुढे बसता का?"

मेट्रनबाईंनी छत्रीचं टोक त्याच्याकडे रोखलं.

"का? माझ्या वजनावर बोलतोयस?"

"नाही. म्हणजे, हो. म्हणजे सगळ्यांच्याच."

"पुढे भिजायला होतं. ओल्या कपड्यांनी वॉर्डात फिरू?"

'राहू दे मग' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ड्रिल साडूच्या घरी तयार होतं. तो म्हणाला, "नाक वर गेलं की मला समोरचं दिसत नाही. त्या दिवशी एक माणूस पोहत होता, बाई. मी त्याच्यावरून..."

"लाल टोपी," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलंत?"

"माझ्या अगदी बाजूनंच गेली ती."

"मग बोलला नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. तुझा चेहरा बघून वाटलं, आज ना उद्या बोलेल." त्या उठल्या. बोट एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. पुढच्या फळीवर बसून त्यांनी छत्री उघडून ढालीसारखी समोर धरली आणि मागे वळून म्हणाल्या, "ज्यांना आपण हलक्या आहोत असं वाटतं त्या बसा तिथेच. बाकीच्या या इकडे." बहुतेक सगळ्या पुढे आल्या. तिघी मागे राहिल्या आणि उरलेला प्रवास त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही.

बोट निघाली. नाक खालीच राहिलं. छत्रीच्या दोन्ही अंगांनी उभेरावाला पाणी दिसत होतं, जाळ्यांचे तरंगते डबे, बदकं, वाऱ्यानं काळपट झालेला पाण्याचा पट्टा, कुणाची तरी वाहत आलेली चप्पल. समोरचं दिसलं की जीव थाऱ्यावर येईल असं त्याला वाटलं होतं. आता इतकं सगळं दिसत होतं की जीवाला थाऱ्यावर यायला सवडच नव्हती.

"उजवीकडे ओंडका!" पुढून आवाज आला.

"दिसला बाई."

"दिसला तर वळव मग!"

त्यानं वळवली.

"इतकी नको!"

त्यानं थोडी सोडली. पलीकडचा धक्का अजून लांब होता.