आफ्रिकेचं मावंदं

एकटीने आफ्रिकेला जाऊन जंगल बघायचं ठरवलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला जाऊबाईंचा: तिथे उपवासाचं मिळतं का. दुसरा दिरांचा, सोबत कोण. सोबत कोणी नाही, असं मी सांगितलं. ते समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, "तसं न्हाई वहिनी, सोबत कोन हाय?"

आमच्या दिंद्रुडच्या घरात बाई एकटी फक्त माजलगावपर्यंत जाते, तेही बाजाराला. त्यापुढे सोबत लागते. मी विधवा, जिल्हा परिषद शाळेची मास्तरीण, गुडघे दुखरे, चष्मा सतत हरवणारी. सोबतीची गरज कुणाला असेल तर ती मलाच, हे मलाही पटत होतं. पण आमच्या शाळेच्या भिंतीवर पेंटरने जिराफ काढलाय, त्याचे कान म्हशीचे आहेत. त्या जिराफाकडे बोट दाखवून पोरांना शिकवण्यात माझी नोकरी सरत आली होती. आता खरा बघायचा होता, आणि बघताना शेजारी उभं राहून "चला आता, उशीर झाला" म्हणणारं कोणी नको होतं.

दीर माजी सरपंच आणि पुन्हा उभे राहायच्या बेतात. त्यांनी पुतण्याला न्या म्हणून बघितलं, आपण स्वतः येतो म्हणून बघितलं, शेवटी लोक काय म्हणतील यावर आले. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधली आणि दिवाळीच्या सुट्टीत निघाले.

तिथे माझी शोभा व्हायची ती झालीच. सफारीची गाडी उंच. चढताना गुडघा वाकेना, तेव्हा गाइडने वरून हात धरला आणि मागून एका परदेशी आजोबांनी मला ढकललं. पोत्यासारखी आत पडले. पण पडल्या जागेवरून मान वर केली तर समोर जिराफ. बाभळीच्या शेंड्याचा पाला खात होता. कान नीट, आपापल्या मापाचे. मी त्याची मनातल्या मनात आमच्या पेंटरच्या वतीने माफी मागितली.

दिरांचा व्हिडिओ कॉल यायचा. सोबत कोण आहे, हा प्रश्न कायम. एकदा मी फोन फिरवून त्यांना गवतात पसरलेला रानबैलांचा कळप दाखवला, क्षितिजापर्यंत. म्हटलं, एवढे आहेत. त्यांनी फोन ठेवला.

परतताना बसमधून माजलगावला उतरले, तर दीर स्वतः जीप घेऊन हजर. बॅग त्यांनी उचलली, इथेच मला शंका यायला हवी होती. गाव जवळ आल्यावर त्यांनी सीटखालून तांब्याचा सीलबंद गडू काढून माझ्या मांडीवर ठेवला. बीडच्या दुकानातून आणलेलं गंगाजल. मग हळूहळू कळलं ते असं: गावात त्यांनी वहिनी काशीला गेल्यात असं सांगून ठेवलं होतं. उद्या मावंदं आहे. मंडप पडलाय, पुरण शिजतंय.

आमच्याकडे काशी करून आलेल्या माणसाला मावंदं घालावं लागतं. गंगेच्या गडूची पूजा, गावजेवण, आणि लहानथोरांनी येऊन त्याच्या पाया पडायचं, पडणारा वयाने मोठा असला तरी. काशीपुढे वय चालत नाही.

मी म्हटलं, मी काशीला गेले नव्हते आणि गेले असं म्हणणार नाही. दीर म्हणाले, म्हणायचं काय त्यात, गप बसायचं. निवडणूक तोंडावर आहे, घरची विधवा एकटी परदेशात जनावरं बघत हिंडते हे गावात कसं सांगायचं. मी पुन्हा नाही म्हटलं. पण माझं नाही म्हणजे आमच्या घरात हळू आवाजातलं हो समजतात.

मला प्रवासाचा थकवा होता, पण झोंबलं ते वेगळंच. खोटं बोलावं लागेल याचं फारसं नाही. मास्तरकीत तेवढी सवय होते. पण आयुष्यात एकच गोष्ट मी एकटीने केली होती, आणि उद्या दुपारपर्यंत ती झालीच नव्हती असं ठरणार होतं.

सकाळी मला नवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं. समोर चौरंगावर गडू, अजून सीलबंद. कर्ण्यावरून दीर सगळ्यांचं स्वागत करत होते. पाया पडायला पहिला मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंचा. कमरेत वाकलेल्या, काठीवर चालणाऱ्या. त्यांनी काठी जाऊबाईंकडे दिली, पदर डोक्यावर ओढला आणि खाली वाकू लागल्या. मी त्यांचे दोन्ही हात वरच्यावर धरले.

"आत्याबाई, मी काशीला गेले नव्हते. आफ्रिकेला गेले होते, जिराफ, सिंह बघायला."

कर्णा थांबला. दीर लगबगीने जवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की वहिनींना प्रवासाचा शीण आलाय. मी त्यांच्याकडे बघितलं आणि वर्गात मागच्या बाकासाठी राखून ठेवलेला आवाज काढला. "शीण नाही भाऊजी. आणि हे पाणी तुम्ही आणलंय, मी नाही. तुमची काशी झाली की तुम्ही फोडा."

चुलतसासूबाईंना दिरांत रस नव्हता. त्यांनी मला विचारलं, "कोन व्हतं सोबत?"

"कोणी नाही. एकटीच गेले."

त्या सावकाश म्हणाल्या, "काशीला म्या बी गेलते. बसभर मान्सं. गर्दीत हरवू नये म्हनून जावंचा पदर धरून हिंडले, तिच्या पाठीबिगर काई दिसलं न्हाई. तू कुनाचा पदर धरलाता?"

"कुणाचाच नाही."

"मंग हात सोड माजा," म्हणाल्या, आणि खाली वाकल्या.

मी पाय ओढून घेतले, पण त्या जुन्या काळच्या. त्यांनी घोटा पकडून पाया पडून घेतलं. मग काठी परत घेतली, पाटाशेजारी बसल्या आणि सिंह दाखव म्हणाल्या. मी फोन काढला. बायका गोळा झाल्या. सिंह झाडाखाली पसरून झोपला होता. मी सांगितलं, हा असाच दिवसभर पडून असतो, शिकार बहुतेक बायकाच करतात, पण वाढलं की पहिलं ताट याचं. एकीने मान वर करून मंडपात बघितलं. पुरुषांची पहिली पंगत बसली होती आणि तूप मागत होती. बायका इतक्या हसल्या की तूप वाढायला कोणी उठेना.

दिरांनी शेवटी स्वतः उठून तूप वाढलं. माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. निवडणुकीचं मात्र चालूच आहे.

गडू आमच्या कोनाड्यात आहे, सील तसंच. आल्यागेल्याने विचारलं तर भाऊजींचा म्हणून सांगते. त्याच्या शेजारी मी आणलेला लाकडी जिराफ ठेवलाय. कान तपासून घेतला होता.