वलगावच्या मावशीचा आवाज

अमरावती जिल्ह्यात जिच्यापुढे बोलण्यात आजवर कोणी टिकलेलं नाही, अशी एकच बाई मला ठाऊक आहे: माझ्या बायकोची वलगावची मावशी. मळ्यातली भाजी ती रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी विकायला बसते. मेथीची जुडी फार उलटीपालटी करणाऱ्याला ती विचारायची, "पोरगी पाह्यले आले काय जी?" फोन ती हातभर लांब धरून बोलायची, तरी इकडे आम्हालाच तो कानापासून दूर न्यावा लागे. आणि ज्याच्याशी भांडली, त्याच्याच पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्त कोंबायची.

दोन वर्षांपूर्वी तिची थायरॉइडची गाठ काढली आणि आवाज गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की दोन स्वरतंतू एकमेकांना भिडले की आवाज उमटतो. मावशीच्या एकाची नस दुखावलीय, तो हलत नाही, फटीतून हवा निसटते. नस आपोआप सुधारायची वाट पाहू, तोवर इंजेक्शनने तो तंतू फुगवू. तीन महिने बरे गेले, मग पुन्हा नुसती फुसफुस. पाणी पितानाही ठसका लागे. ताटलीवर चमचा वाजवून ती गिऱ्हाइकं बोलवी. लोक मुकाट्याने भाजी नेत, कोणी वाद घालेना. "लोक मायी कीव करून राहिले, जवाईबापू," ती माझ्या कानाशी कुजबुजली, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली.

वर्षभरातही नस सुधारली नाही, तेव्हा ऑपरेशन ठरलं. कंठाच्या कूर्चेला लहानशी खिडकी पाडून आत एक तुकडा बसवायचा, म्हणजे तो तंतू मध्ये सरकतो. गळा बधिर करतात, पण माणूस जागा. तो बोलेल तसं तुकड्याचं माप ठरतं. आत काय घडलं ते डॉक्टरांनीच नंतर बाहेर येऊन सांगितलं. "एक ते दहा म्हणा," असं त्यांनी म्हटल्यावर मावशी पाचावर थांबली. "आकडे काहून? मले का शाळेत जायचं हाय?" मग तिने भाज्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. पहिला तुकडा लहान पडला. दुसऱ्याने आवाज घुसमटल्यासारखा झाला. तिसरा बसवला आणि मावशी 'वांगी' म्हणून गप्पच झाली.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई. मायी माय अशी बोले."

आणखी थोडा सरकवला तर आवाज मोकळा होईल, असं डॉक्टर म्हणाले.

"राहू द्या, डाक्टरसाहेब. तिले जाऊन तीस वर्षं झाली. हाच राहू द्या."

हा आवाज जाडसर आहे, जरा थकलेला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही. मावशी पुन्हा भाजी घेऊन येते. परवा मी मळ्यात गेलो, तर वाफ्याला पाणी देत ती एकटीच काहीबाही बोलत होती.

"मावशी, कोणाशी बोलता?" मी विचारलं.

"बोलत नाई," ती म्हणाली. "ऐकून राहिली."