सांडपाण्यावरचे पऱ्हे

आंधळगावच्या पलीकडे एका लहान गावात हिरालाल आणि धुरपताची दोन एकर धानाची जमीन होती. बांधाला लागून विहीर. आसपास बोअर वाढत गेले तशी ती दर उन्हाळ्यात लवकर आटू लागली. दोन हजार सोळाच्या मे महिन्यात हिरालालनं ठरवलं, आणखी पाच हात खोल जायचं.

"यंदा राहू द्या नं जी," धुरपता म्हणाली. "कडेची माती सुटून राहिली."

"मंग धानाच्या रोपाचे पऱ्हे कायच्या भरोशावर टाकू?" तो हसला आणि दोराला धरून उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन पोचली तेव्हा विहिरीभोवती माणसं जमली होती. कड ढासळली होती. त्याला वर काढेपर्यंत दिवस कलला.

हिरालाल गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांच्या पंगती उठल्या. बाया मागच्या दारी गंज-ताटं घासत होत्या. धुरपता उंबऱ्यावर बसून ते पाणी नालीत उतरताना पाहत राहिली. मग उठली आणि नालीच्या कडेकडेनं चालत निघाली. गावभरच्या न्हाण्यांचं पाणी घेऊन ती नाली तिच्याच बांधाजवळून ओढ्यात जात होती. वर्षानुवर्षं जात होती. तिथं खाली बसून ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

तिची लेक दीपमाला तुमसरला नोकरीला होती. आईनं विचारल्यावर तिनं कृषी सहायकाकडून कागदावर आकृती काढून आणली आणि बांधाजवळ तसे खड्डे झाले. एका खड्ड्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात गिट्टी, कोळसा आणि रेती, तिसऱ्यात कर्दळी. निथळलेलं पाणी पऱ्ह्यांना. उरलेलं विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात मुरायला.

"गावाच्या धुण्यावर धान पिकवतं का वो बाई?" शेजारच्या शेताचे मधुकरराव बांधावरून ओरडले. त्यांच्या बायकोनं, कुंताबाईंनी, धुरपताकडची वांगी घेणं बंद केलं.

दर आठवड्याला धुरपता घमेल्यानं गाळ उपसायची. हाताचा वास जाता जायचा नाही.

"माय, आता पुरे कर," दीपमाला एकदा कळवळून म्हणाली.

"तुह्या बाबाले मी राहू द्या म्हनलं होतं," धुरपता म्हणाली. "पन जोरानं नाही म्हनलं."

तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला. जुलै लागला तरी आभाळ कोरडं. सगळ्यांचे पऱ्हे पिवळे पडले, धुरपताचे तेवढे हिरवेगार. मधुकरराव स्वतः चालत आले. डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला.

"बाई, तुमच्या शोषखड्ड्यानं माह्या विहिरीचंही पाणी चढलं. ग्रामपंचायतीतून आणखी खड्डे करू म्हनतो. कसे करायचे ते तुमीच सांगा."

तिनं सगळं सांगितलं. गिट्टी केवढी घ्यायची, रेती किती वेळा धुवायची, कोळसा कधी बदलायचा. मधुकरराव ऐकत होते. मग सहज बोलून गेले, "हे आधी सुचलं असतं तर..." आणि जीभ चावून थांबले.

"तर तुमच्यासंग हे बोलाले दीपमालाचे बाबा असते," धुरपता म्हणाली.

त्या वर्षी गावात अकरा खड्डे झाले. प्रत्येकाच्या काठी उभी राहून तिनं ते करून घेतले. कुंताबाईही तिच्या बांधीत धानाच्या रोवणीला आल्या. पीक भरून आलं. दिवाळीनंतर नव्या तांदळाचा भात दीपमालानं ताटात वाढला. धुरपतानं घास केला, तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"तू जेव, बाई," ती लेकीला म्हणाली. "मले नाही जात."