तर क्लच

दाऊद उस्तादांनी दुरुस्त केलेल्या मोटारसायकलीत चुकीच्या चकत्या माझ्यामुळे पडल्या. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी उस्मानपुऱ्यात एका ओळखीच्या गृहस्थानं मला थांबवून हसत सांगितलं, "अहो, तुमचा तो बूचवाला गेला!" बूचवाला म्हणजे दाऊद उस्ताद. मेलेल्या माणसाच्या नावानं हसणं... आणि ते नाव त्याला चिकटवणारा मी!

गाडी जहागीरदारांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. मी त्यांचा पत्रव्यवहार पाहायचो. क्लच घसरायला लागला तेव्हा उस्तादांनी गाडी उघडली, झिजलेल्या चकत्या बोटानं चाचपल्या आणि म्हणाले, "हैदराबादेहून मागवा, भाऊ. तर क्लच लिवा, बरं का." मी ऐकलं ते आपल्या मराठीतलं 'तर'. म्हणून पत्रात लिहिलं नुसतं 'क्लचच्या चकत्या'. उस्तादांचं 'तर' उर्दूतलं होतं. तर म्हणजे ओला, तेलात फिरणारा. जन्म इथला, कचेरीची भाषा उर्दू, 'तरबतर' रोज म्हणणारा मी. वाक्यात ते 'तर' जरा खटकलंही होतं. पण एकदा विचारायची लाज वाटली नसती तर!

पार्सल आलं. उस्तादांनी एक चकती नाकाशी धरली.

"ही कोरड्या क्लचची हाय, भाऊ. तेलात हिच्यावरचं कापड बुळबुळीत व्हतंय. चढावर धरायचं नाय."

"मग आता?"

"जुन्या चकत्यांत मी बुचं बसवतो. बूच तेलात लई इमानदार."

ते कसं करत मी पाहिलं होतं. बुचाचे तुकडे कोमट पाण्यात भिजवायचे, चकतीच्या भोकांत दाबायचे, मग कानशीनं घासून एका पातळीत आणायचे. पण तसं केलं असतं तर नव्या चकत्या का पडून आहेत हे जहागीरदारांनी विचारलं असतं. मी आवाज चढवला. "सरकारांच्या गाडीला बाटलीची बुचं? आलंय तेच बसवा."

"तुम्ही म्हणता म्हणून बसवतो," उस्ताद म्हणाले. "माझं मन नाय."

खुलताबादच्या चढावर क्लच सुटला. गाडी मागं घसरत चरात गेली आणि गाडीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात बसलेल्या बेगमसाहेबांचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या चौकात वीसेक माणसांसमोर जहागीरदारांनी मला विचारलं, "काय घातलं होतं यानं?" मी म्हणालो, "उस्ताद बुचांचं काहीतरी बोलत होते, सरकार." एक अक्षर खोटं नाही! असल्या खरेपणाची आजही किळस येते.

"क्लच खोलतो, सरकार. डोळ्यानं बघा," उस्ताद म्हणाले.

"हात लावू नकोस गाडीला."

एकानंही म्हटलं नाही की बघू तरी द्या. वीस माणसं! त्यातल्या निम्म्यांची वाहनं उस्तादांनी जगवलेली. तेच पुढं त्यांच्या दारावरून जाताना "काय बूचवाले, झाकण आहे का?" म्हणायचे. मोटारी येणं बंद झालं. ज्यांच्या कानाला इंजिनाचा एक ठोका चुकलेला कळायचा, ते उस्ताद अखेरपर्यंत स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करत बसले. मला भेटले की सलाम तेवढा करायचे. थांबायचे नाहीत.

आता तीच मंडळी म्हणतात, "हात चांगला होता, पण भरवसा नव्हता." भरवसा नव्हता तो माझा! गाडी त्या दिवसापासून तबेल्यात बंद आहे. कुणीही उघडावी. आत कापडाच्याच चकत्या निघतील.

हे मी मराठीत लिहितो आहे. उस्तादांच्या घरी मराठी बोलतात, वाचतात मात्र उर्दूच. म्हणजे त्यांच्या लेकीला, रझियाला, हे छापून कळणार नाही. तिला शाळेच्या वाटेवर 'बूचवाल्याची पोर' म्हणून चिडवलं गेलं, तेव्हा मी पाठमोरा उभा होतो. तिच्यासमोर बसून, तोंडानं, चूक माझी होती हे सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.