कुसुमचा अंधार

मोहगावची कुसुम एरवी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करते आणि भीमजयंतीच्या नाटकात नेपथ्य अन् प्रकाश सांभाळते. आमच्याकडे उजेड म्हणजे इज्जत. जितके हॅलोजन जास्त, तितकं मंडळ मोठं! आणि ही बाई हटून बसलेली, की मला अंधार पाहिजे.

यंदा नाटकात मी बाप होतो, प्रज्ञा माझी मुलगी. मी तिला घराबाहेर काढून दार लावतो आणि ती बाहेरून शेवटचं बोलते, असा प्रसंग. कुसुमचं म्हणणं, दार लागलं की प्रेक्षकही बापासोबत आत कोंडला गेला पाहिजे. पोरगी दिसायलाच नको, नुसती ऐकू यावी.

बोरगावच्या प्रयोगात तसं केलं आणि फजिती झाली. अंधार होताच पब्लिक ओरडलं, "लाईट गेली!" शिट्ट्या सुटल्या. मंडळाचे अध्यक्ष मोतीरामभाऊ जनरेटरकडे धावले. प्रज्ञाचं बोलणं कोणाच्याही कानावर पडलं नाही. ती विंगेत रडत बसली आणि माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

"सौंसरच्या प्रयोगाले पुरी लाईट चालू पाहिजे," मोतीरामभाऊंनी बजावलं. "पुन्हा अंधार करशीन तर लाईटच्या बोर्डाले हात नाही लावायचा."

"लोकं अंधारानं नाही ओरडले, भाऊ. त्यायले वाटलं करंट गेला," कुसुम म्हणाली. "करंट हाये हे दिसलं तर बसतीन चुपचाप. एकडाव करू द्या. नाही जमलं तर मीच बोर्ड सोडीन."

सौंसरला तिने आधी मंडपवाल्याचे सॅटिनचे पडदे उतरवले. सॅटिन जराशा उजेडानंही चमकतं. त्यांच्या जागी कापसाची पोती उसवून, काळी रंगवून मागे टांगली. घर म्हणून पुढे फक्त एक चौकट आणि दार. मग मंडपाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, सगळ्यांना दिसेल असा एक छोटा बल्ब लावला. बास!

मी दार आपटलं. स्टेज काळंकुट्ट झालं. चार माना वळल्या, टपरीवरचा बल्ब जळताना दिसला आणि माना पुन्हा स्टेजकडे फिरल्या. कोणी हूं की चूं केलं नाही.

"बाबा, दार तुम्ही लावलंत," अंधारातून प्रज्ञाचा आवाज आला, "पण आत तुम्हीच राहिलात."

एवढ्या मोठ्या मंडपात तिचा श्वास ऐकू येत होता. बायकांमधून कोणीतरी हुंदका दिला. दाराच्या आत उभ्या माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाने छाती फुटेल असं वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेत कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला. लगेच मोतीरामभाऊंचा आवाज कडाडला, "बंद कर बे तो टॉर्च! दिसून नाही राह्यलं का, अंधार चालू हाये!"