न चाखलेली आमटी

गोदाकाठी पट्टीचे खाणारे पुष्कळ झाले, पण चाखून चाखून दुसऱ्याचा जीव मेटाकुटीला आणणारा माणूस एकच, आमचा फरासीस, म्हणजे फ्रेंच माणूस. गेवराईकडच्या आमच्या जहागीरदारांनी त्याला गोऱ्या पाहुण्यांसाठी हैदराबादेहून बावर्ची म्हणून आणला. पाहुणे कधी आलेच नाहीत, जहागीरदारांची उडी भाकरी-ठेच्यापलीकडे जाईना, आणि रिकामा फरासीस पडला माझ्या गळ्यात. मी जहागिरीचा मुन्शी. मला उर्दू येई आणि त्याला मोडकी दखनी उर्दू, एवढाच काय तो माझा गुन्हा.

आपल्या मुलुखातल्या लोकांसाठी तो इकडच्या जेवणावर पुस्तक लिहीत होता. स्वतः रांधून स्वतः चाखल्याशिवाय एकही पदार्थ त्यात घालायचा नाही, असा त्याचा पण. कोटाच्या खिशात कायम लाकडी चमचा. कुणाच्याही चुलीपाशी गेला की आधी चमचा पुढे, मग रामराम. एकदा बैलांपुढचा कडबा चावून म्हणाला, "मुन्शीजी, ये तो पिछले साल का है." गड्यानं मान डोलावली. भर उन्हात मी ताटकळलो होतो, मला कडब्याचं वय नको होतं, घर हवं होतं. प्रमाण विचारलं की बाया सांगत, "अंदाजानं." मग हा माझ्याकडे असा बघे, की तो अंदाज मीच कुठंतरी दडवून ठेवलाय.

आमच्या आईनं त्याला ओसरीच्या आत कधी घेतलं नाही, त्याच्या हातचं खाणं तर दूरच. ती सोवळ्यात नैवेद्य रांधी आणि देवाच्या आधी जिभेला कण लावत नसे. हे कळल्यावर फरासीस हादरलाच. "बिना चखे?" पुढे कितीतरी दिवस त्यानं याच प्रश्नानं माझं डोकं खाल्लं.

मग तापाची साथ आली. फरासीस वाचला, पण त्याच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. मीठ आणि राख त्याला सारखीच. पुस्तकात आता फक्त येसराची आमटी लिहायची राहिली होती, भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, लग्नकार्यात होते ती. त्यानं सामान बांधलं. म्हणाला, "किताब नक्को अब. झूठ कैसे लिखूँ?" इतकी वर्षं त्याला वैतागलेला मी, पण खरं सांगतो, मला रडू आलं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "चव गेली म्हणून रांधायचं सोडतं व्हय कुणी? मी देवाचं न चाखताच करते की. बोलव त्याला."

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आई ओसरीवरून सांगे, मी दखनीत करून देई. "फोडणीचा आवाज ऐक म्हणावं. वास बदलला की येसर घाल. मीठ हाताला कळतंय, जिभेला कशाला इचारायचं?" मिठाची मूठ भरून तो थांबला. मग त्यानं मीठ आमटीत सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

आमटी उकळली. आई ओसरीवरून खाली उतरली, चुलीपाशी बसली आणि तिनं वाटी पुढं केली. त्यानं वाढली. तिनं भुरका मारला.

"मीठ बराबर हाय," ती मला म्हणाली. "माझी जीभ तुझीच समज म्हणावं त्याला. लिही म्हणावं."

पुढे तो मायदेशी गेला. पुस्तक छापलं म्हणतात, मी काही पाहिलं नाही. मला ती दुपारच आठवते. आई दुसऱ्यांदा वाढून घेत होती, मीही भाकरी कुस्करत होतो, आणि फरासीस आपली भरलेली वाटी तशीच हातात धरून आमच्या तोंडांकडे बघत होता.